डग्गा गिअरपाशी, तबला खिडकीत: स्पर्धेसाठी तयार केलेल्या एका गाडीचं प्रकरण

नाना पेठेत स्पेअर पार्ट विकणाऱ्या एका मित्राने एका मुलाला माझ्याकडे धाडलं. वय पंचविशीचं, भोसरीतल्या एका कारखान्यात डिझाइनचं काम, आणि पगारातला बराचसा पैसा गाडीच्या डिकीत घातलेला. आल्या आल्या त्याने खिशातून चार घड्या घातलेली, गाडीतल्या ध्वनीच्या स्पर्धेची गुणपत्रिका काढली. "काका, एवढं सगळं बसवलंय, तरी सहा गाड्यांत पाचवा आलो. सहाव्याचा अॅम्प मध्येच बंद पडला, नाहीतर शेवटचा मीच होतो."

गुणपत्रिकेवर परीक्षकाने हाताने चार शेरे लिहिले होते. गायकाचा आवाज उजवीकडे ओढलेला. बास मागून येतो. आवाज वाढवला की तोल बदलतो. इंजिन चालू केल्यावर शिट्टी. मुलाला हे चार शेरे चार थपडांसारखे वाटत होते. मला मात्र परीक्षकाचा हेवा वाटला. दहा मिनिटांच्या ऐकण्यात त्याने गाडीची नाडी बरोबर ओळखली होती.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय, कारण यात मी स्वतः एक मोठी चूक केली आणि ती एका भजनी माणसाने पकडली.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गाडीतल्या ध्वनीच्या स्पर्धा दोन जातींच्या असतात. एकीत नुसता दाब मोजतात. काचेला सेन्सर लावायचा, दारं बंद करायची आणि डेसिबलचा आकडा पाहायचा. तिथल्या गाड्या 150 च्या पुढे जातात आणि आत माणूस बसत नाही. दुसरी जात ध्वनीच्या दर्जाची. अमेरिकेत सुरू झालेली आयास्का आणि युरोपातली एम्मा ही या जातीतली मोठी नावं, आणि एम्माच्या नावाने भारतातही स्पर्धा होतात. इथे परीक्षक आसनावर बसतो, ठरलेले तुकडे लावतो आणि कानाने गुण देतो. खोल बास, दारातला बास, मधले स्वर, वरचे स्वर, त्यांचा आपसातला तोल, रंगमंच किती रुंद, किती उंच, किती खोल, डावीकडून उजवीकडे प्रत्येक वाद्य आपल्या जागी आहे का, कमी-मध्यम-मोठ्या आवाजात हे सगळं तसंच राहतं का, आणि गाणं नसताना गाडी गप्प बसते का. शिवाय जोडणीचे गुण वेगळे: फ्यूज कुठे आहे, वायर पत्र्याला घासते का, पेटी पक्की बसवली आहे का.

गाडी सात वर्षांची हॅचबॅक होती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. पुढे येणारी खोड अनेक कंपन्यांच्या गाड्यांत सापडते, उगाच एकीच्या माथी कशाला मारायची? डॅशवरचा मूळ प्लेअर तसाच होता. त्याच्या स्पीकरच्या वायरींतून सिग्नल काढून डीएसपीला, म्हणजे आवाजाचे पट्टे, वेळ आणि पातळी बदलणाऱ्या डिजिटल यंत्राला, दिला होता. पुढच्या दारांत साडेसहा इंची, पिलरवर, म्हणजे पुढच्या काचेच्या कडेच्या खांबावर, वरच्या स्वरांचे एक इंची ट्वीटर, आणि डिकीत पोर्ट (हवेचं तोंड) असलेल्या भल्यामोठ्या पेटीत खोल बासचे दोन 12 इंची सबवूफर. डिकीत भाजीची पिशवीसुद्धा मावत नव्हती.

शिट्टी आणि वायर

शिट्टीचं काम सोपं होतं म्हणून ते आधी उरकलं. अॅक्सिलरेटर दाबला की शिट्टीचा सूर चढतो, म्हणजे ती अल्टरनेटरची, इंजिनवर फिरणाऱ्या वीजजनित्राची. आधीच्या कारागिराने अॅम्पची, म्हणजे सिग्नलला ताकद देणाऱ्या अॅम्प्लिफायरची, अर्थ वायर मागच्या सीटबेल्टच्या बोल्टला दिली होती. त्याखाली रंग तसाच, आणि मुख्य म्हणजे तो बोल्ट माणसाचा जीव वाचवायला आहे, त्यात कुणी वायरीचं टोक अडकवू नये. मोठ्या आवाजात गाणं लावून अॅम्पचं अर्थ टर्मिनल आणि बॅटरीचं निगेटिव्ह यांच्यामध्ये मल्टिमीटर धरला, तर 0.4 व्होल्ट. वेगळी जागा शोधली, पत्रा घासून पांढरा केला, नवीन बोल्ट मारला, वरून गंज लागू नये म्हणून रंग दिला. आकडा 0.05 वर आला आणि शिट्टी गेली.

पॉझिटिव्ह वायरीची गोष्ट थोडी कडू आहे. "झिरो गेज" म्हणून विकलेली ती निळी वायर बाहेरून अंगठ्याएवढी जाड. टोकाची एक तार काढून ब्लेडने खरवडली तर वरचा तांबडा मुलामा निघाला आणि आत पांढरं अॅल्युमिनियम. बाजारात याला सीसीए म्हणतात. वापरायला हरकत नाही, पण तेवढ्याच जाडीच्या तांब्यापेक्षा तिचा रोध साधारण दीडपटीहून जास्त असतो, आणि या वायरीत तर जाडीसुद्धा निम्मी रबराची होती. आम्ही 35 चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची वायर टाकली. पाच मीटर लांबी, 50 अँपिअर प्रवाह, म्हणजे वायरीत साधारण सव्वाशे मिलिव्होल्टची घट. तेवढी चालते. फ्यूज बॅटरीपासून 18 इंचांच्या आत बसवला. हा दंडक स्पर्धेतल्या गुणांसाठी तर आहेच, पण ती वायर कधी पत्र्याला टेकली तर गाडी वाचवणाराही तोच आहे.

आवाज वाढवला की तोल बदलतो

या शेऱ्यावर मुलाचा सगळ्यात जास्त राग होता. "डीएसपीत काहीच बदलत नाही, मग तोल कसा बदलेल?" म्हणून त्याने स्पर्धेनंतर आणखी महाग अॅम्प घ्यायचं ठरवलं होतं. मी म्हटलं, आधी डीएसपीत येणारं पाणी कुठल्या विहिरीचं आहे ते बघू.

पिंक नॉइजची, म्हणजे प्रत्येक सप्तकात सारखी ताकद असलेल्या खरखराटाची, फाइल मूळ प्लेअरवर लावली. स्पीकरच्या वायरींतून निघणारा सिग्नल लॅपटॉपवर घेतला. आवाजाचा काटा 10 वर, 20 वर, 30 वर ठेवून तीन आलेख काढले आणि मधले स्वर जुळतील असे एकमेकांवर ठेवले. तीन रेषा वरच्या बाजूला एकत्र होत्या. 100 हर्ट्झच्या खाली त्या पंख्यासारख्या पसरल्या. 10 वरून 30 वर जाताना खोल बास मधल्या स्वरांच्या तुलनेत आठ डेसिबलने खाली आला होता.

यात कंपनीची लबाडी काही नाही. मूळ गाडीत कागदी कोनाचे स्वस्त स्पीकर असतात. कमी आवाजात बास बरा वाटावा म्हणून प्लेअर तो वाढवून देतो, आणि आवाज चढला की स्पीकर फाटू नयेत म्हणून काढून घेतो. रोज ऑफिसला जाणाऱ्या माणसासाठी ही सोय आहे. स्पर्धेत मात्र परीक्षक तोच तुकडा हळू, मध्यम आणि मोठा असा तीन वेळा ऐकतो, आणि दर वेळी गाडी वेगळी वाटते. डीएसपीत कितीही पट्टे हलवा, आवाजाच्या एका पातळीला जुळवलेला तोल दुसऱ्या पातळीला बिघडणारच.

उपाय अॅम्पच्या किमतीच्या पासंगालाही पुरणारा नव्हता. एक छोटा डिजिटल प्लेअर घेतला, त्यातून ऑप्टिकल वायर थेट डीएसपीला, आणि आवाजाचा खटका डीएसपीच्या रिमोटवर. मूळ प्लेअर फक्त नकाशा, फोन आणि मागचा कॅमेरा यांच्यासाठी उरला. त्याच्या कपलरला हात लावला नाही, एकही वायर कापली नाही. उद्या गाडी विकायची झाली तर सगळं काढून जसंच्या तसं करता येईल.

त्यानंतर अॅम्पचे गेन, म्हणजे आत येणारा सिग्नल किती वाढवायचा त्याचे खटके. यात अजून बरेच कारागीर कानाने "फाटतंय का" बघतात. लहर पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप लावा. 1 किलोहर्ट्झची पूर्ण पातळीची साइन लहर लावायची, डीएसपीचा आवाज पूर्ण, आणि अॅम्पच्या बाहेर येणाऱ्या लहरीचा माथा सपाट व्हायच्या आधी थांबायचं. ट्वीटरच्या चॅनेलला गेन जेमतेम लागतो. आधी तो वरपर्यंत फिरवलेला होता, म्हणून गाणं थांबलं की पिलरमधून सापासारखा फुत्कार ऐकू यायचा. तोही गेला.

बास मागून येतो

डिकीतल्या 12 इंची जोडीबद्दल मी जरा कठोर बोललो असेन. दाबाच्या स्पर्धेत तिला मान आहे, इथे ती पाहुणी होती. बंद केबिनमध्ये एका मर्यादेच्या खाली हवेची लहर पूर्ण मावतच नाही, मग सगळ्या केबिनचा दाब एकदम वरखाली होतो आणि बास आपोआप वाढतो. अडीच मीटर लांबीच्या केबिनला ही मर्यादा साधारण 70 हर्ट्झच्या आसपास पडते. त्याखाली वाढ प्रत्येक सप्तकाला 12 डेसिबलपर्यंत जाऊ शकते. बंद पेटीतला सबवूफर त्याच हिशोबाने, सप्तकाला 12 डेसिबल, खाली उतरत जातो. एकाचा उतार आणि दुसऱ्याचा चढ एकमेकांना भेटतात. एका 10 इंची सबला 20 लिटरची बंद पेटी पुरली. जुनी जोडी पेटीसकट विकली आणि त्या पैशात पुढे लागणाऱ्या एका वस्तूची सोय झाली, ती सांगतोच.

पेटी बदलूनही बास मागेच. कारणं दोन होती. पहिलं, खडखडाट. चाळीस हर्ट्झचा सूर कुठून येतो ते कानाला कळत नाही, पण त्या सुरावर थरथरणारी नंबरप्लेट कुठे आहे ते लगेच कळतं. साइन लहर 30 पासून 120 पर्यंत सावकाश चढवत नेली, मुलगा डिकीत डोकं घालून, मी बाहेर हाताने पत्रे दाबत. नंबरप्लेट, पार्सल ट्रेची बिजागरी, जॅकचा दांडा, डिकीच्या कुलपाची सळई. फोम, फेल्ट आणि कापडी टेप यांत एक अख्खी दुपार गेली. या कामाला बिलात काय नाव द्यावं हे मला आजवर सुचलेलं नाही.

दुसरं कारण आलेखात दिसलं. सब आणि दारं वेगवेगळे मोजले तर दोघेही ठीक. एकत्र वाजवले तर 75 हर्ट्झच्या आसपास नऊ डेसिबलचा खड्डा. मुलाने तो आधीच पाहिला होता आणि ईक्यूने, म्हणजे डीएसपीतल्या पट्टीनिहाय आवाज कमीजास्त करणाऱ्या सोयीने, तिथे सहा डेसिबल भरले होते. सहा डेसिबल म्हणजे चौपट ताकद. अॅम्प तापला, खड्डा हलला नाही. कारण तिथे ध्वनी कमी पडत नव्हता, दोन ध्वनी एकमेकांना खात होते. एक पुढे ढकलतो तेव्हा दुसरा मागे ओढतो, मग दोघांना कितीही दूध पाजा, कुस्ती बरोबरीतच सुटणार.

डिले, म्हणजे जवळच्या स्पीकरला थांबवून ठेवायच्या वेळा, टेपने अंतर मोजून भरले होते आणि गणित चोख होतं. सब कानापासून 190 सेंटिमीटर, डावं दार 135, उजवं 95. ध्वनी मिलिसेकंदाला 34.3 सेंटिमीटर जातो, म्हणून डाव्या दाराला 1.60 आणि उजव्याला 2.77 मिलिसेकंद थांबवायचं. पण टेप फक्त हवेतलं अंतर मोजते. सबच्या वाटेतली फिल्टर आणि खुद्द सबचा कोन त्याला आणखी मागे टाकतात, ते टेपला दिसत नाही. 75 हर्ट्झला अर्धी लहर 6 ते 7 मिलिसेकंदांची असते. जवळजवळ तेवढाच सब मागे पडत होता. त्याचा प्लस-मायनस उलटा केला, पुढच्या सगळ्या चॅनेलचा डिले थोडा थोडा हलवून पाहिला, आणि खड्डा बुजला. ईक्यूतले सहा डेसिबल काढून टाकले. 70 हर्ट्झवर सप्तकाला 24 डेसिबल उताराचा लिंकविट्झ-रायली क्रॉसओव्हर, म्हणजे सब आणि दारं यांच्यात स्वर वाटून देणारी गाळणी, ठेवला. 1976 पासून वापरात असलेली ही रचना आहे, आणि तिची खुबी अशी की दोन्ही बाजू जुळल्या असतील तर बेरीज सपाट येते. बास बॉनेटवर येऊन बसला. मुलगा आसनावरून उतरला आणि डिकी उघडून सब खरंच चालू आहे का ते बघून आला.

एवढे लांब हात कुणाचे?

आता माझी चूक. पहिल्या शेऱ्यावर, म्हणजे उजवीकडे ओढलेल्या आवाजावर, मी डिले आणि पातळी लावून मोकळा झालो होतो. मायक्रोफोनने दोन्ही बाजूंचे आलेख जुळवले. चाचणीच्या तबकडीवरच्या निवेदकाचा आवाज डॅशच्या मधोमध आला. मुलगा खूश, मी खूश, पुढच्या रविवारी गाडी न्यायला या असं सांगून टाकलं.

रविवारी तो वडिलांना घेऊन आला. बाबा आळंदीच्या वाटेवरच्या एका गावात भजनी मंडळात पखवाज धरतात, तरुणपणी तबला शिकलेले. त्यांना या सगळ्या खर्चाबद्दल काय वाटत होतं ते चेहऱ्यावर दिसत होतं. मी त्यांना चालकाच्या आसनावर बसवलं, त्यांच्या आवडीचं एकल तबलावादन लावलं आणि कौतुकाची वाट पाहत उभा राहिलो. दोन मिनिटांनी त्यांनी काच खाली केली.

"हा माणूस एक आहे की दोन? डग्गा इथे गिअरपाशी वाजतोय आणि तबला तिकडे खिडकीत. एवढे लांब हात कुणाचे असतात?"

मी आत बसलो, डोळे मिटले. त्यांचं शंभर टक्के खरं होतं.

निवेदकाचा आवाज स्वरांच्या मधल्या पट्टीत फिरतो, म्हणून त्याने मला फसवलं. तबला फसवत नाही. डग्ग्याची घुमक शंभर-दीडशे हर्ट्झच्या खालपर्यंत जाते. काळी एकचा तबला घेतला तर त्याचा सूर साधारण 277 हर्ट्झचा, आणि त्याच्यावर पुडीच्या काळ्या शाईमुळे उपस्वरांची सुरेल शिडी उभी राहते. ही शिडी सुरेल का असते यावर सी. व्ही. रामन यांनी 1920 मध्ये लिहिलं होतं. "ना" वाजतो तेव्हा ती शिडी हजार हर्ट्झच्या पार वर जाते. म्हणजे एकाच बोलात दार, ट्वीटर आणि त्यांच्यामधला सांधा, तिघांचीही परीक्षा. कुठल्याही चाचणीच्या तबकडीपेक्षा मला आता एकल तबला जास्त विश्वासाचा वाटतो.

कान दिशा दोन रीतींनी ओळखतो. साधारण 1500 हर्ट्झच्या खाली, दोन कानांपर्यंत पोचायला लागलेल्या वेळेतल्या फरकावरून. त्याच्या वर, दोन कानांतल्या आवाजाच्या पातळीतल्या फरकावरून. लॉर्ड रॅले यांनी 1907 मध्ये मांडलेली ही गोष्ट आहे आणि अजून टिकून आहे. मी वेळ जुळवली होती, म्हणून खालचे स्वर मधोमध आले. पातळी मात्र मी सरासरीने जुळवली होती. उजव्या दाराचा स्पीकर चालकाच्या पायाआड जातो, त्याचे मधले स्वर पाय खातो. उजवा ट्वीटर कानाजवळ, शिवाय बाजूच्या काचेवरून आपटून येतो. डावीकडे यातलं काहीच नाही. सरासरी बरोबर, पण प्रत्येक पट्टीत तराजू वेगवेगळ्या बाजूला कललेला. मायक्रोफोन एक होता. बाबांना कान दोन होते.

आणखी एक अडचण माझ्या हातातली नव्हती. साडेसहा इंची कोन दोन-अडीच हजार हर्ट्झच्या पुढे टॉर्चच्या झोतासारखा सरळ फेकायला लागतो, आणि दारात त्याचा झोत समोरच्या माणसाच्या नडगीवर पडतो. ट्वीटर बिचारा त्याच्याखाली उतरू शकत नाही. मधली पट्टी दोघांच्या भांडणात अनाथ होते, आणि ती पायाशी सुरू होऊन पिलरवर संपते. सबची जोडी विकून आलेले पैसे इथे कामी आले. तीन इंची मिडरेंजची जोडी घेतली, पिलरवर फायबरचे छोटे कप्पे केले आणि 350 हर्ट्झपासून वरची गायकी तिच्याकडे सोपवली. या साऱ्या प्रकरणात खरं म्हणावं असं हे एकच मोठं खरेदीचं काम.

मग पट्टीनिशी तराजू. एक-तृतीयांश सप्तकाच्या पिंक नॉइजचे तुकडे, दोन्ही बाजूंना एकसारखे. आसनावर बसायचं, डोळे मिटायचे, आवाज कुठे आहे तिथे बोट दाखवायचं. 315 ते 630 या पट्ट्यांत बोट डावीकडे जायचं, 1 ते 2 किलोहर्ट्झला उजवीकडे. ज्या बाजूला ओढ, तिथे अर्धा डेसिबल कमी आणि दुसऱ्या बाजूला अर्धा जास्त, म्हणजे एकूण तोल बिघडत नाही. कुठेही अडीच डेसिबलपेक्षा जास्त लागलं नाही. दर अर्ध्या तासाने उठून चहा, कारण थकलेला कान खोटं बोलतो. बोट दाखवायला मी मुलाला बसवलं नाही, त्याला उत्तर माहीत होतं. बाबांना बसवलं. त्यांनी संध्याकाळपर्यंत एकदाही "छान" म्हटलं नाही, शेवटी फक्त, "हं, आता एकाच मांडीवर आहेत."

दारं आणि पाऊस

दारांबद्दल एवढंच सांगतो, की पुण्यात काम करताना पाऊस विसरून चालत नाही. काचेच्या फटीतून पाणी दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं, तशीच रचना असते. थरथर मारणारे ब्यूटाइलचे पत्रे चिकटवण्याच्या उत्साहात ती भोकं बुजली की पुढच्या जुलैत दारात टाकी तयार. स्पीकरची कडी एमडीएफची होती, ती आधीच फुगून पापड झाली होती. मरीन प्लायची कडी कापली, वॉर्निश दिलं, वर छोटं छप्पर लावलं. आतल्या पत्र्याची मोठी भोकं अॅल्युमिनियमचा पत्रा बोल्टने बसवून बंद केली, म्हणजे काचेची मोटर बिघडली तर उघडता येईल. या दाराचे फोटो टप्प्याटप्प्याने काढून फाइल केली. जोडणीचा परीक्षक दार उघडून बघू शकत नाही, फोटो बघू शकतो.

आसन

आसनाची जागा मुलाच्या उंचीला लावलेली. तो सहा फुटांचा, बाबा साडेपाचच्या आत. बाबा गाडी चालवताना आसन बारा सेंटिमीटर पुढे घेतात. त्या जागी मोजलं, तर पिलरवरचे मिडरेंज डावीकडे 125 चं 118 आणि उजवीकडे 80 चं 70. फरक 45 वरून 48 वर गेला. तीन सेंटिमीटर म्हणजे 0.09 मिलिसेकंद. फार लहान वाटेल, पण अनुकूल परिस्थितीत माणसाचा कान 0.01 मिलिसेकंदाच्या आसपासचा फरकही ओळखतो. गायक लगेच उजव्या वायपरकडे सरकला.

मुलाने याच काळात उन्हाचा प्रश्न काढला होता. गाडी आतून 40 अंश तापली की ध्वनीचा वेग वाढतो, मग डिले चुकतील का? हिशोब करून पाहिला. वेग सेकंदाला 343 वरून साधारण 355 मीटर होतो, आणि 45 सेंटिमीटरच्या फरकाला जवळपास 0.04 मिलिसेकंदाची तफावत पडते. आसनाच्या चुकीच्या निम्मी. म्हणून परीक्षक येईपर्यंत एसी चालू ठेवायचा आणि उन्हाची चिंता तिथेच सोडायची असं ठरलं. आसनासाठी मात्र डीएसपीत दोन स्वतंत्र जुळण्या साठवल्या. पहिलीचं नाव "स्पर्धा". दुसरी, पुढच्या आसनाची, "बाबा". ही दुसरी फक्त घरच्या शांततेसाठी होती, निदान माझ्या मनात तरी.

स्पर्धेला मी गेलो होतो. गाडी पुसून, फोटोंची फाइल मागच्या सीटवर, आसनाच्या रुळावर पिवळ्या टेपची खूण. परीक्षक आले, ठेंगणे, हसतमुख. बसले, पाय पोचेनात, आणि खालचा दांडा ओढून आसन सरळ पुढे. मुलाने माझ्याकडे पाहिलं. त्यांनी पहिला तुकडा लावायच्या आधी मुलगा शांतपणे म्हणाला, "सर, या जागेची जुळणी वेगळी आहे, ती लावू का?" त्यांनी मान हलवली. रिमोटच्या पडद्यावर "बाबा" आलं. त्यांनी ते वाचलं, काही विचारलं नाही.

गुणपत्रिका संध्याकाळी मिळाली. वर्गात दुसरा. मध्य नीट, बास पुढे, आवाजाच्या तिन्ही पातळ्यांना तोल सारखा, इंजिन चालू असताना गाडी गप्प. शेरा एकच: मंच रुंद आहे, खोल नाही, मागे बसलेलं वाद्यही काचेला चिकटून वाजतं. तो शेरा मला मान्य आहे. पिलरवरच्या मिडरेंजचा कोन काचेपासून थोडा फिरवून बघायचा आहे, त्यासाठी फायबरचे कप्पे पुन्हा फोडावे लागतील. मुलगा तयार आहे. बाबांचं म्हणणं, फोडा, पण त्यांची जुळणी पुसली गेली तर पुन्हा संध्याकाळभर बसायला त्यांना आषाढी होईपर्यंत वेळ नाही.